खोली २१४ मधल्या बोटी

शनिवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी चंद्रशेखर बोधनकर एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात बसून कोऱ्या कागदांवर उभ्या रेघा मारत होते. एका कागदावर चार रेघा, पाच रकाने. वादविवादाच्या एका फेरीत पाच भाषणं होतात, म्हणून पाच. एका बाजूचे मुद्दे निळ्या पेनाने, दुसऱ्या बाजूचे लाल. आठ कागद झाले तेव्हा त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि घड्याळ पाहिलं. पहिली फेरी आठला होती. बाहेर उणे चोवीस होतं.

बोधनकर एक्कावन्न वर्षांचे आहेत. मूळचे नागपूरचे, आता अमेरिकेतल्या ईडन प्रेरीचे. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका टीमचे ते लीड आहेत. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम नेमका कुठे मोडतो ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याला राग येणार नाही अशा भाषेत ते लिहून द्यायचं, हे त्यांचं सोमवार ते शुक्रवारचं काम. शनिवारी ते शाळकरी मुलांच्या वादविवादाचे जज असतात. स्पर्धेत जितकी मुलं उतरवायची त्या प्रमाणात शाळेने जजही पुरवायचे, असा इथला नियम आहे, आणि हे जज बहुतेक वेळा पालकच असतात. मुलगी रुचा नववीत होती तेव्हा शाळेचा ईमेल आला की एक जज कमी पडतोय, नाही मिळाला तर मुलांची नावं मागे घ्यावी लागतील. बोधनकर गेले. रुचा आता मॅडिसनला कॉलेजात आहे आणि तिने वादविवाद केव्हाच सोडला. बोधनकर अजून जातात.

"पोरगी सुटली यातून," त्यांची बायको प्रीता ओळखीपाळखीच्यांना सांगते, "बाप अडकून राहिला."

कुठल्याच शाळेकडून न आलेल्या जजना फेरीमागे मानधन मिळतं. बोधनकर ते घेत नाहीत. त्यांच्या व्हिसावर नोकरीच्या कंपनीखेरीज कुणाकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. दर वर्षी नवा आयोजक चेक पुढे करतो, दर वर्षी ते हे समजावून सांगतात आणि त्याऐवजी नाश्त्याचा एक बेगल उचलतात. ग्रीन कार्डसाठी त्यांचा अर्ज २०१४च्या डिसेंबरातला आहे. भारतीयांच्या रांगेत त्या तारखेचा नंबर अजून लागलेला नाही. रुचा इथेच जन्मली, त्यामुळे तिला रांग नाही.

या वेळच्या स्पर्धेचा विषय असा होता: आश्रय मागायला येणाऱ्यांच्या बोटी समुद्रातच अडवून परत पाठवणं अमेरिकेने थांबवावं. समुद्रापासून हजाराहून जास्त किलोमीटरवर, जिथली तळी त्या दिवशी ट्रक चालवता येईल इतकी गोठलेली होती, तिथे छप्पन्न मुलं सकाळपासून या विषयावर भांडत होती. सामना एकास एक. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं हे नाणं उडवून ठरतं. त्यामुळे मुलांना दोन्ही बाजू पाठ असतात.

बारावीतल्या आन्या चिटणीसने दुपारपर्यंत दोनदा बोटी परत पाठवल्या होत्या, दोनदा वाचवल्या होत्या आणि चारही फेऱ्या जिंकल्या होत्या. ती शेवटच्या आठांत आली. आठांतले चार राज्यस्तरावर जाणार होते. आन्या आधीची तिन्ही वर्षं याच फेरीत हरली होती. बारावीनंतर हायस्कूलची स्पर्धा नसते, त्यामुळे चौथी संधी ही शेवटची होती.

या फेरीला तीन जज असतात. दीडला यादी लागली तेव्हा खोली २१४च्या पुढे आन्या, कुश नावाचा एक मुलगा आणि तीन जजांत बोधनकरांचं नाव होतं. बोधनकर उठून निकालाच्या खोलीत गेले. तिथे कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईंना त्यांनी सांगितलं की यातल्या मुलीच्या आईला, रुपाली चिटणीसना, मी ओळखतो.

"नात्यातल्या आहेत?"

"नाही. मराठी मंडळात भेटतात. एकदा त्यांच्या घरी पोहे खाल्लेत."

"कधी?"

"२०२२ साली."

बाईंनी थोडा विचार केला. "मुलीला शिकवलंय कधी? तिच्या शाळेने पैसे दिलेत?"

"नाही."

"मग जा."

दोनला बोधनकरांनी फोन बंद करून कोटाच्या खिशात टाकला आणि ते खोली २१४ मध्ये मधल्या खुर्चीवर बसले. डावीकडे कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता, उजवीकडे निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. नाणं उडलं. बोटी परत पाठवणं थांबवा, ही बाजू आन्याकडे आली. पहिलं आणि शेवटचं भाषण त्या बाजूचं असतं.

आन्याने सुरुवात चांगली केली. तिने तटरक्षक दलाच्या जहाजावर काय होतं ते सांगितलं. हैतीहून आलेल्या बोटीतल्या माणसांना तिथे कुणी विचारत नाही, की तुम्हाला परत जायची भीती वाटते का. ज्याला वाटते त्याने ते स्वतःहून बोलून किंवा कसंही करून दाखवून द्यायचं. तो गप्प राहिला तर त्याला भीती नाही असं धरून परत पाठवतात. बोधनकरांनी निळ्या पेनाने लिहिलं: विचारत नाहीत.

मग कुश उठला. सतरा वर्षांचा, लाल टाय, आवाज खणखणीत. त्याचा तिसरा मुद्दा रांगेचा होता. कायद्याने चालणारी माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी आहेत, तो म्हणाला. भारतातून आलेले इंजिनियर दहा-दहा, बारा-बारा वर्षं ग्रीन कार्डची वाट बघतात, कर भरतात, तक्रार करत नाहीत. बोटीतून येणारा त्यांच्या पुढे घुसतो. हे सांगताना त्याने हात मधल्या खुर्चीच्या दिशेने केला. मुद्दाम केला असेल किंवा नसेल.

बोधनकरांनी लाल पेनाने लिहिलं: रांग. भारतीय इंजिनियर. पुढे घुसतात.

हा मुद्दा चुकीचा आहे हे त्या खोलीत त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसावं. नोकरीवाल्यांची रांग वेगळी, आश्रय मागणाऱ्यांची वेगळी. एकीतला माणूस दुसरीत येत नाही. गेली अकरा वर्षं ते दर महिन्याला सरकारचं तारखांचं पत्रक उघडतात आणि त्यात बोटीमुळे एक दिवसही मागेपुढे झालेला त्यांनी पाहिलेला नाही. पण जजने स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवायचं, कागदावर जे आलं त्यावरच निकाल द्यायचा, असं नियमावलीत लिहिलेलं आहे, आणि समोरच्याने ज्याला उत्तर दिलं नाही तो मुद्दा मान्य झाला असं धरायचं. बोधनकरांना हा नियम पहिल्या दिवसापासून पटला. त्यांच्या ऑफिसातही जे नोंदवलेलं नाही ते घडलेलं नाही.

आन्याचं दुसरं भाषण चार मिनिटांचं असतं आणि तेवढ्यात तिला कुशच्या सात मिनिटांना उत्तर द्यायचं होतं. पहिल्या मुद्द्यावर तिने दोन मिनिटं घालवली. दुसऱ्यावर जवळजवळ दोन. घड्याळ वाजलं तेव्हा ती "आणि तिसरं" असं म्हणाली होती.

"माझ्या तिसऱ्या मुद्द्याला उत्तर आलेलं नाही," कुश पुढच्या भाषणात म्हणाला. त्याने ते तीन वेळा म्हटलं.

शेवटच्या तीन मिनिटांत आन्याने उत्तर दिलं. वीस सेकंदांत, अगदी स्वच्छ: दोन रांगा वेगळ्या आहेत, बोट आल्याने कुठल्याही इंजिनियरचा नंबर मागे जात नाही. पण शेवटच्या भाषणात नवा मुद्दा चालत नाही. समोरच्याला त्यावर बोलायची संधीच उरत नाही, म्हणून. ती बोलत असताना बोधनकरांनी निळ्या पेनाला टोपण लावलं.

बाद फेरीत जज निकाल तिथल्या तिथे, कारणासकट सांगतात. कॉलेजच्या मुलाने आन्याला मत दिलं. विज्ञानाच्या मास्तरांनी कुशला. मग सगळ्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं.

"कुश," बोधनकर म्हणाले. "रांगेच्या मुद्द्याला वेळेत उत्तर आलं नाही."

आन्याने कुशशी हात मिळवला, तिन्ही जजांना थँक यू म्हटलं आणि आपली बॅग भरली. खोलीबाहेर येऊन बोधनकरांनी फोन चालू केला. प्रीताचा मेसेज होता, दोन वाजून चार मिनिटांचा: "रुपालीची गाडी थंडीने स्टार्टच नाही होऊन राहिली. आन्याला घेऊन ये सोबत. तिच्या सरांना कळवलंय. पोरगी जिंकली का तेही सांग."

त्यांनी उत्तर लिहिलं: "आणतो." बाकीचं लिहिलं नाही.

गाडी तापायला नऊ मिनिटं लागली. आन्या पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. गाडी हायवेला लागली.

"काका, सीट हीटर कुठेय?"

"डावीकडचं बटण."

"थँक्स." आणखी दोन मैल गेले. "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही स्वतः त्या लाइनमध्ये आहात ना? आई सांगत होती."

"आहे."

"मग तुम्हाला माहीत होतं तो रबिश बोलतोय."

"माहीत होतं."

"आणि तरी तुम्ही त्याला व्होट केलं."

"तू उत्तर दिलं नाहीस."

"दिलं!"

"शेवटच्या भाषणात."

"म्हणजे उत्तर बरोबर होतं. फक्त लेट होतं."

"हो."

आन्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फ होतं आणि एका फर्निचरच्या दुकानाचा सेल. "काका, ते कोस्ट गार्डवाले असतात ना. ते पण असंच करतात. तुम्ही वेळेत बोलला नाहीत, आम्ही विचारणार नाही, जा परत. सेम रूल आहे तुमचा."

बोधनकरांनी आरशात बघून लेन बदलली. "सेम नाही."

"कसा?"

"तिथे आधी चार मिनिटं बोलू देत नाहीत."

आन्याला हसायचं नव्हतं, पण ती हसली, आणि मग हातातल्या लोकरी मिटनने नाक पुसलं. "आईला काय सांगू? बोधनकर काकांनी हरवलं?"

"दोन-एक झालं असं सांग. एक मी होतो असंही सांग."

"ती तुम्हाला पुन्हा पोहे देणार नाही."

"चालेल."

"शी, काका! तुम्ही सॉरी तरी म्हणा ना यार."

"निकाल बरोबर होता," बोधनकर म्हणाले. मग पुढे म्हणाले, "दुसऱ्या भाषणात पहिल्या मुद्द्यावर दोन मिनिटं नको होती. चाळीस सेकंदांत झालं असतं. निकालाच्या बॅलटवर लिहिलंय, संध्याकाळी ईमेल येईल."

"चाळीस?"

"मी मोजलं. उरलेलं तू तेच पुन्हा सांगत होतीस."

आन्याने बॅगेतून आपले कागद काढले आणि बोटाने खालपर्यंत वाचले. तिच्या मते पन्नास सेकंद लागले असते. बोधनकर पंचेचाळीसवर आले. दोघं तिथेच थांबली.

"उद्या सेमीफायनल," ती म्हणाली. "कुशसमोर आमच्या शाळेची निधी आहे. तो पुन्हा तेच लाइनचं काढणार, आला त्या साइडला तर. तुम्ही तिला सांगणार का?"

"जज काही सांगत नाही."

"आणि मी?"

बोधनकरांनी नियमावली मनात पहिल्या पानापासून तपासली. स्पर्धेबाहेर गेलेल्या मुलीने दुसरीला काय सांगावं याबद्दल तिच्यात काही नव्हतं. "तू जज नाहीस," ते म्हणाले.

आन्याने मिटन काढून फोन हातात घेतला. पुढची बावीस मिनिटं ती टाइप करत होती. मधे एकदा तिने विचारलं, "ते लाइनच्या डेट्सचं मंथली पत्रक असतं त्याचं नाव काय?" बोधनकरांनी गाडी चालवण्यावर लक्ष दिलं. "ओके ओके," ती म्हणाली, "मी शोधते."

तिच्या घरासमोर रुपालीची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. आन्या उतरली, दार लावलं, परत उघडलं.

"काका, उद्या ऑडियन्सला एंट्री आहे?"

"आहे. तुझ्या आईला विचार."

"तिची गाडी बंद आहे."

"मी सहा चाळीसला निघतो," बोधनकर म्हणाले. "ऑटोवाल्यासारखा हॉर्न वाजवत नाही मी. तूच बाहेर उभी राहा."

"उणे चोवीसमध्ये?"

"दाराच्या आत उभी राहा."

घरी प्रीताने निकाल ऐकला, कुकरचं झाकण लावलं आणि एवढंच म्हणाली, "मंडळाच्या हळदीकुंकवाला मी आता कोणत्या तोंडाने जाऊ ते पण सांगून टाक." बोधनकरांनी त्यावर काही नोंद केली नाही. जेवणाआधी त्यांनी आणखी चार कागदांवर रेघा मारल्या आणि लाल पेनाची रिफिल बदलली.

आठच्या सुमाराला आयोजकांचा ईमेल आला. रविवारी जजांची हजेरी साडेसातला आहे, सेमीफायनल साडेआठला. ईडन प्रेरीत सूर्योदय सात वाजून एकोणपन्नास मिनिटांनी आहे, म्हणजे हजेरीच्याही नंतर.