वारस नियोजन कार्यशाळा

“मॅडम, माझं वय अडुसष्ट. आता या वयात कसलं नियोजन करायला सांगताय?”

फोनवर इब्राहिमभाई होते. महाडचे जुने ट्रान्सपोर्टवाले. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल त्यांच्या गाड्यांतून जातो. माझं माहेर महाडचं, त्यामुळे ते मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात आणि एरवी ‘सुमन’ म्हणतात. मॅडम म्हटलं की समजायचं, माणूस बिथरलाय.

“इब्राहिमभाई, धंद्याचं नियोजन आहे ते.”

“बॅनरवर तसं कुठं आहे? वारस नियोजन कार्यशाळा, असं आहे. वारसांचं नियोजन म्हणजे दुसरं काय असतं? आमच्या मिसेसने वाचलं आणि सुनांसमोर मला विचारलं, एवढ्या बाजारातून यांनी तुम्हालाच का बोलावलं?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

आता हे प्रकरण काय ते सांगते. मी पुण्याच्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये काम करते. बाहेरच्यांना वाटतं बिझनेस स्कूल म्हणजे नुसतं एमबीए. तसं नसतं. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचा विभाग वेगळा, हाडांचा वेगळा, तशी आमच्याकडे एकेका विषयाची सेंटर्स असतात. त्यांनी आपापल्या विषयात रिसर्च करायचा आणि एमडीपी घ्यायच्या. एमडीपी म्हणजे नोकरी-धंद्यात असलेल्या माणसांसाठी एक-दोन दिवसांचं ट्रेनिंग. लीडरशिपचं सेंटर आहे, फायनान्सचं आहे, सप्लाय चेनचं आहे. आणि आमचं फॅमिली बिझनेस सेंटर. म्हणजे मी, एक रिसर्च असोसिएट आणि एक प्रिंटर.

त्या वर्षी निवृत्तीला टेकलेले आमचे डायरेक्टर डॉ. पेंडसे यांनी फर्मान काढलं. अशक्त सेंटर्स मोठ्या सेंटरमध्ये मर्ज करायची. आमच्यावर डोळा होता लीडरशिपवाल्या डॉ. सबनीसांचा. त्यांनी आमच्या खोलीत आपली कपाटं कुठे ठेवायची, हेसुद्धा शिपायाला दाखवून ठेवलं होतं! मी भांडभांड भांडले. शेवटी सर म्हणाले, “पुण्याबाहेर एक एमडीपी करून दाखवा. निदान पंचवीस माणसं हवीत. मी स्वतः बघायला येईन.” नाही जमलं तर सेंटर मर्ज, आणि आम्हा दोघांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सरळ मराठीत, गाशा गुंडाळा.

मी विषय निवडला सक्सेशन प्लॅनिंग. बाप थकला की धंदा कुणाच्या हातात द्यायचा, कसा द्यायचा, हे वेळेत ठरवणं. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक दुकानात हा प्रश्न गल्ल्यावर बसलेला आहे. बॅनरसाठी मी साधं वाक्य दिलं होतं: ‘तुमच्यानंतर धंदा कोण सांभाळणार?’ सर म्हणाले, जरा अकॅडेमिक हवं. कम्युनिकेशनच्या मुलीने अकॅडेमिक केलं. बॅनर थेट महाडला छापून लागले, तेव्हा मी पाहिले.

“अगं, हे कुटुंब नियोजनासारखं वाटतंय!”

“मॅम, सक्सेशन म्हणजे वारस, प्लॅनिंग म्हणजे नियोजन. मी डिक्शनरी बघितली.”

डिक्शनरीपुढे कोण बोलणार? नावं नोंदवली चौघांनी. त्यातल्या एका किराणावाल्याने दबक्या आवाजात विचारलं, बायकांना वेगळं बसवणार ना? इब्राहिमभाईंना मी कसंबसं मनवलं. दोन्ही मुलांना घेऊन येतो म्हणाले, पण घरी ‘इन्कमटॅक्सची मीटिंग’ असं सांगून.

बॅनर बदलायला वेळ नव्हता. मग मी पोलादपूरच्या सुधाकरला गाठलं. सुधाकरच्या रिक्षेवर भोंगा आहे. जत्रा असो, सेल असो, नळाला पाणी येणार नसो, तालुक्याला कळतं ते सुधाकरकडून. त्याला मी कागद दिला, कार्यशाळेचं नाव, वार, महाडच्या मंगल कार्यालयाचा पत्ता, आणि बजावलं, “धंद्याविषयी आहे, हे ठासून सांग.” तो म्हणाला, “तुम्ही निवांत ऱ्हावा मॅडम.”

शनिवारी सकाळी मी मंगल कार्यालयाशी पोहोचले आणि बघतच राहिले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जीपा भरभरून माणसं येत होती. मुंबईच्या नंबरांच्या गाड्या होत्या. काठी टेकत आलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सबनीसांची कपाटं मी मनातल्या मनात जिन्यावरून खाली ढकलून दिली.

तेवढ्यात एका आजीने माझा हात धरला. लक्ष्मीआजी. कशेडीच्या बाजूच्या वाडीवरून आल्या होत्या.

“गो बाय, तलाठी भाऊसाहेब आले काय?”

“तलाठी कशाला, आजी?”

“वारस नोंद हाय ना आज? रिक्षेत सांगत होता. आमच्या म्हाताऱ्याला जाऊन इतकी वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव हाय. तिन्ही पोरांना घेऊन आले बघ.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जमिनीचा मालक गेला की तलाठ्याकडे वारसांची नावं लावावी लागतात. कोकणात एकेका तुकड्याला इतके वारस, की निम्मे मुंबईत, एखादा आखातात आणि उरलेल्यांचं आपसात बोलणं बंद. त्यामुळे नोंदी वर्षानुवर्षं लटकतात. अशात कुणी भोंग्यावर सांगितलं, या, एका दिवसात करून देतो, तर माणसं येणारच.

मी सुधाकरला चहाच्या टपरीवरून ओढून आणलं.

“काय बोललास रे भोंग्यावर?”

“तुम्ही दिलं तेच. फक्त नियोजनाच्या जागी नोंदणी केलं.”

“का पण?”

“अहो मॅडम, भरबाजारातून, बाया भाजी घेतायत, आणि मी नियोजन नियोजन करत ओरडू? मला पण घरदार हाय! मला वाटलं पुण्याच्या लोकांचं लिहिताना चुकलं. मी सुधारून घेतलं.”

त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव होता.

तेवढ्यात संस्थेची गाडी आली. पेंडसे सर उतरले. सोबत डॉ. सबनीस, आमचं सेंटर बुडताना जातीने बघायला. सरांनी गर्दी पाहिली आणि दोन्ही हात पसरले. “वा! याला म्हणतात आउटरीच!” सबनीसांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला.

आता मी गप्प बसले असते तर सेंटर वाचलंच होतं. सर दहा मिनिटं बोलले असते, फोटो निघाले असते, विषय संपला असता. पण आजी माझा हात सोडत नव्हत्या. ही माणसं गाडीभाडं खर्चून, रजा टाकून, न बोलणाऱ्या भावाला फोन करून इथवर आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे आत बसल्यावर सरांच्या आधी मी माईक घेतला.

“ऐका. वारस नोंद इथे होणार नाही. ती तलाठ्याकडेच होते. चूक आमच्याकडून झाली, मी हात जोडते.”

एकच गलका उठला. “आम्ही काय वेडे हाय काय?” “रजा टाकून आलोय मॅडम!” खुर्च्या सरकल्या. लोक दाराकडे निघाले. सर माझ्या कानाशी म्हणाले, “व्हॉट इज धिस?” सबनीस एकदम टवटवीत दिसायला लागले. माझ्या हिशेबात इब्राहिमभाई, त्यांची दोन मुलं आणि किराणावाला. बास, संपलं सगळं.

“जेवण हाय काय?” लक्ष्मीआजींनी जागेवरूनच विचारलं.

“आहे आजी. सगळ्यांना पुरवू.”

“मग बसा रे सगळे!” आजी आपल्या तीन मुलांकडे वळल्या. “बापाच्या तेराव्यानंतर तुम्ही तिघं आज एका जागी बसलात. नोंद नाय तर नाय. कोण काय सांभाळणार ते तरी बोला. मी मेल्यावर बोलणार काय?”

तिघेही मान खाली घालून बसले. त्यांच्या मागे आणखी दोन घरं बसली. मग आणखी. जे गेले ते गेले, पण हॉल अर्ध्याहून जास्त भरलेला राहिला. मी स्लाइड्स बंद केल्या. सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली आणि माझा मूळचा प्रश्न विचारला. दुकान असो, शेत असो, ट्रक असो, तुमच्यानंतर कोण सांभाळणार? एक नाव लिहा.

कुणी लिहीना. सरांना राहवलं नाही. त्यांनी माईक घेतला. “संकोच करू नका. हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने, प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारला पाहिजे.”

इब्राहिमभाई मध्ये बसले होते. डावीकडून एक मुलगा चिठ्ठीत डोकावत होता, उजवीकडून दुसरा. ते उठले.

“सर, प्रत्येक संस्थेने म्हणजे तुमच्या पण?”

“अर्थातच!”

“मग आधी तुम्ही लिहा. तुम्ही लिहिलंत की मी लिहितो.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. सरांनी हसत चिठ्ठी घेतली, पेन काढलं आणि बसले. सबनीसांनी आपली खुर्ची हळूच सरांच्या जवळ सरकवली. आणखी थोडी सरकवली. परीक्षेत शेजारच्यापासून पेपर झाकतात, तसा सरांनी चिठ्ठीवर हाताचा आडोसा केला. सगळा हॉल बघतोय. पेन काही हलेना.

“हे आपण जेवणानंतर घेऊ,” सर म्हणाले.

“आमचं पण दहा वर्षं हेच चाललंय, सर,” इब्राहिमभाई म्हणाले. “जेवणानंतर.”

लोक इतके हसले की आचारी बाहेर बघायला आला.

जेवणानंतर इब्राहिमभाईंनी खरंच निकाल लावला. पार्ट्यांशी बोलणं मोठ्याकडे, गाड्या आणि ड्रायव्हर धाकट्याकडे, सही अजून दोन वर्षं स्वतःची. दोन्ही मुलांची तोंडं सारखीच उतरली. ते मला म्हणाले, “दोघं पण नाराज. म्हणजे बरोबर वाटणी झाली, सुमन.” आजींच्या मुलांचं काही ठरलं नाही. फक्त गणपतीला तिघांनी मिळून तलाठ्याकडे जायचं, एवढं ठरलं. कोकणात एवढं ठरलं तरी खूप झालं. आजींनी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

परतताना मीही संस्थेच्याच गाडीत होते. वरंध घाट चढताना सबनीसांना दम निघेना.

“सर, काय लिहिलंत?”

“कशात?”

“चिठ्ठीत.”

“काही नाही.”

“काही लिहिलं नाहीत, की सांगायचं नाही?”

सरांनी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला.

सोमवारी ही बातमी सगळ्या सेंटर्समध्ये पोहोचली होती. डायरेक्टरांनी वारसाचं नाव लिहिलंय, पण कुणाचं ते ठाऊक नाही! फायनान्सवाले सरांसोबत सकाळी फिरायला जाऊ लागले. सप्लाय चेनच्या मॅडम घरून पुरणपोळ्या आणू लागल्या. सबनीस तर सरांच्या केबिनबाहेरून हलायला तयार नव्हते, त्यांना आमच्या खोलीत कपाटं लावायला वेळ कुठला? मर्जरची मीटिंग पुढे ढकलली, परत ढकलली आणि मग तो विषयच निघाला नाही.

आम्हा दोघांना मुदतवाढ मिळाली. सरांनाही मिळाली, ती त्यांनी स्वतःच घेतली.

मी अजून हेच शिकवते. दुसऱ्याच्या घरचा वारस ठरवायला दोन दिवसांचं ट्रेनिंग भरपूर होतं. स्वतःच्या घरचा ठरवायची वेळ आली की भल्याभल्यांचं पेन चालत नाही. त्यावरच तर आमचं सेंटर चालतं.