चढणीची लाइन

उतेकर टेलिफोनची तार आधी जिभेला लावून बघत. मीटर त्यांच्या पिशवीत असे, पण साहेब सोबत असले तरच तो बाहेर निघे. एरवी दोन्ही तारांची टोकं दातांनी सोलायची, जिभेवर टेकवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग निकाल. "आंबट लागते, म्हणजे जिवंत हाय." नाहीतर, "अळणी हाय, वैनी. खांबावर बघायला लागेल."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. "अहो, शॉक बसेल!"

"मध्येच कोणाचा फोन आला तर बसतो," ते डोळे न उघडता म्हणाले. "तुम्हाला या टायमाला कोण करतो फोन?"

महाडला ब्रॉडबँड येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी घरीच कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवायचे. काम पुण्याच्या एका प्रकाशकाचं होतं, शाळेच्या मार्गदर्शिकांचं. आधी मी सीडी पाकिटात घालून पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि प्रकाशकाचा माणूस ती स्वारगेटला उतरवून घ्यायचा. ब्रॉडबँड आल्यावर प्रकाशकाने सांगितलं, आता सीडी नको, फाइल पाठवा, बाकीचे सगळे तसंच पाठवतात. त्यातला इशारा मला कळला. पण माझी फाइल जाईना. इंटरनेटवरून काही उतरवून घ्यायचं असलं तर ते झरझर उतरायचं. पाठवायला लागलं की तासभर रखडायचं, नव्वद टक्क्यांवर पोचायचं, लाइन तुटायची आणि पुन्हा शून्यापासून. माझी मिळकत त्या उरलेल्या दहा टक्क्यांत अडकली होती.

ऑफिसात सहा तक्रारी लिहिल्यावर उतेकर आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, पायात टायरच्या चपला. गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. एसटीतून उतरल्यावर तासभर चढून जावं लागे अशी वाडी. सतरा वर्षं ते खात्यात रोजंदारीवर होते. कायम करायच्या माणसांची यादी निघणार असं ते दर भेटीत सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणत, जणू कोणी ऐकलं तर यादी परत जाईल.

माझी अडचण त्यांनी एका वाक्यात समजून घेतली. "खाली उतरायला कोणपण उतरतो, वैनी. दम चढणीला लागतो. तुमचं काम चढणीचं हाय."

मग त्यांनी घर तपासलं. स्वयंपाकघरात मी दुसरा फोन जोडून घेतला होता, त्याची तार दाराखालून गेली होती आणि तिच्या जोडावर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी त्यांनी दोन बोटांत धरून मला दाखवली. "हे कोणाचं ऑपरेशन?" मी म्हटलं, माझंच. "हा फोन काढा. पोळ्या लाटताना कोणाशी बोलायचंय?" फोन निघाला. दारातून मोडेमपर्यंत त्यांनी एकच अखंड तार ओढली. दुसरे लाइनमन तारा नुसत्या पिळून सोडत. उतेकर प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन पक्का करत आणि थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. मोडेमच्या पानावर एक आकडा असे, लाइनवरचा कामाचा आवाज खरखरीच्या किती वर आहे ते सांगणारा. उतेकरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो आकडा पानावर कुठे असतो ते पाठ होतं. "आवाज किती नि घाण किती, ते बघा," म्हणायचे. आकडा चढला. अपलोड दीडपट झाला. पण मोठी फाइल अजूनही तुटत होती.

"आता घरातली घाण संपली," ते म्हणाले. "उरली ती जमिनीखाली हाय."

आमच्या आळीची केबल जुनी होती. तिच्यात तारांच्या ज्या जोड्या होत्या त्यातल्या मोजक्याच धड राहिल्या होत्या, बाकीच्यांत पाणी शिरलेलं. धड जोडी ज्याच्या वाट्याला आली त्याचं नशीब. माझ्या वाट्याला आली नव्हती. शेजारच्या पानसरे सिस्टरांच्या वाट्याला आली होती. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या एकुलत्या मुलीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि ती बडोद्याला होती. दोन वर्षं मायलेकींचं बोलणं नव्हतं. सिस्टरांचा फोन कधीतरीच वाजे.

उतेकरांनी हे मला नुसतं माहिती म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग बदला ना."

"असं करता येत नाय, वैनी. साहेबांच्या रजिस्टरला लिहायला लागतं."

"त्यांना बोलण्यापुरताच तर फोन लागतो. माझ्या जोडीवर बोलणं होतं. माझं काम जाईल, उतेकर. काहीही करा."

त्यांनी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या पेटीत दोन तारा इकडच्या तिकडे केल्या. दिवाळीपर्यंत नवी केबल येणार, मग ज्याचं त्याला मिळेल, असं ते मला म्हणाले. मला वाटतं, स्वतःलाही म्हणाले. त्या दुपारी माझी फाइल पहिल्यांदा न तुटता गेली. मी त्यांना चहा दिला, आणि सिस्टरांना वाटीभर शिरा. शिरा का दिला ते सिस्टरांनी विचारलं नाही. चार दिवसांनी मात्र त्या म्हणाल्या, "फोनला खरखर येते गं हल्ली." मी म्हटलं, "जुनी लाइन आहे, येणारच."

जुलैत केबलीत पाणी भरलं आणि सिस्टरांकडची जोडी पूर्ण मेली. उतेकर भिजलेल्या पिशवीनिशी माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सिस्टरची लाइन अळणी झाली. तुमची जोडी त्यांना परत देतो आज."

माझ्याकडे चार पुस्तकं अर्धी होती. "आठ दिवस थांबा," मी म्हटलं. "आठच दिवस. त्यांना कोण करतो फोन?"

त्यांनी भिजलेली पिशवी खांद्यावर चढवली. "आठ म्हणजे आठ, वैनी."

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी जोडी परत दिली. माझी चारही पुस्तकं तोवर पुण्याला पोचली होती.

टेलिफोनची एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, उतेकरांना होती. तार मेलेली असली तरी बाहेरून फोन करणाऱ्याच्या कानात घंटा वाजतच राहते. आपण करतोय, तिकडे वाजतंय, आणि माणूस उचलत नाही, असंच त्याला वाटतं. त्या आठ दिवसांत सिस्टरांच्या मुलीला मुलगी झाली होती. दवाखान्यातून आणि मग घरून तिने रोज फोन केला होता. आईने उचलला नाही, असं तिने धरलं. गणपतीनंतर तिचं पत्र आलं, चार ओळींचं. मुलगी झाल्याचं सांगायला रोज फोन केला, तू उचलला नाहीस; तुझं उत्तर मला समजलं, आता माझ्याकडून त्रास होणार नाही, असं काहीतरी. सिस्टरांनी तेच पाकीट उचललं आणि टेलिफोन ऑफिस गाठलं.

चौकशी झाली. पेटीतला बदल रजिस्टरला नव्हता, तो कोणी केला हे लपणारं नव्हतं. साहेबांनी मलाही बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. "उतेकरांचं नाव यादीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या आग्रहावरून केलं, असं तुम्ही लिहून दिलंत, तर ताकीद देऊन सोडता येईल. नाहीतर त्यांनी स्वतःच्या मनाने केलं असंच धरावं लागेल. तुम्ही सांगितलं होतंत का?"

शेजारच्या खुर्चीत सिस्टर बसल्या होत्या. पाकीट मांडीवर होतं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्याकडे बघावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मला यातलं काही माहीत नाही," मी म्हटलं.

उतेकर दाराशी उभे होते. "बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले. "वैनींचा काय संबंध." हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं की मला ऐकवायला, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. त्यांना दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. यादी पुढच्या महिन्यात निघाली. दिवाळीत नवी केबलही आली. आळीतल्या सगळ्यांना धड जोड्या मिळाल्या, मलाही. सिस्टरांनी बडोद्याला पत्रं लिहिली, फोन केले. नातीला त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

काही वर्षांनी पुण्याचे प्रकाशक सहकुटुंब रायगड बघायला आले, म्हणून मी सोबत गेले. रोपवेच्या रांगेत सगळ्यांना तहान लागली. हिरकणीवाडीत रस्त्याच्या कडेला सरबताची टपरी होती. लिंबू पिळणारा माणूस उतेकर निघाला. ही त्यांची सासुरवाडी. केस पिकले होते. पिळलेल्या लिंबाचा थेंब त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावला आणि डोळे मिटले. त्यावरून मी ओळखलं. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

"अपलोड कसा हाय, वैनी?"

"चांगला आहे."

"चढतं ना आता? तुटत नाय?"

"नाही तुटत."

प्रकाशक मंडळी पेले घेऊन सावलीला गेली. मी मागे थांबले. बोलायचं ते मी इतकी वर्षं मनात घोळवलं होतं, तरी ते नीट आलं नाही. "उतेकर, त्या दिवशी ऑफिसात मी खोटं बोलले. मी सांगायला हवं होतं."

त्यांनी पेला विसळला, फडक्यावर पालथा घातला. "सिस्टरना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मला ठाऊक हाय."

एवढं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी सावलीत येऊन उभी राहिले. प्रकाशकांनी विचारलं, ओळखीचे का? मी म्हटलं, आमच्याकडे लाइन बघायला यायचे.

सिस्टर अजून शेजारीच राहतात. त्यांच्या नि माझ्या घरांमध्ये एकच भिंत आहे. दुपारी मी फाइल पाठवत असते तेव्हा पलीकडे त्या रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघतात आणि परत ठेवतात. ठेवल्याचा आवाज मला ऐकू येतो.