आईचा लातूरमधला त्याग

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. माझ्या जन्माला अजून अवकाश होता, तरी आमच्या घरातील सुखाची व्याख्या त्या क्षणी कायम झाली: जिवंत आहोत ना, मग तक्रार कसली? भूकंपात औशाजवळच्या गावातील आमचे दगडी घर पडले. आजोबांनी अंगणात पत्र्याचे शेड घातले आणि पुढे सिमेंटचे घर बांधूनही सर्वांना शेडमध्येच झोपवले. नव्या घरात ज्वारीची पोती निर्धास्त झोपत. लग्न होऊन आई आली ती या शेडमध्ये, जिथे एकाने कूस बदलली की सगळ्यांना कळे.

अकरावीला मी लातूरच्या क्लासला गेले, तेव्हा आमच्या भागातील रिवाजाप्रमाणे आईही स्वयंपाकासाठी भाड्याच्या खोलीत आली. धाकटी बहीण गावीच राहिली. या व्यवस्थेला आमच्याकडे त्याग म्हणतात.

"वयनी, पोरीपायी लई सोसायल्यात बगा," आत्या आली की म्हणे. आई चेहरा पाडून मान हलवी. आत्याची एसटी हलली की चेहरा पूर्ववत. तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली, स्वतःच्या खाटेवर ती दुपारीसुद्धा गाढ झोपे. संध्याकाळी इमारतीतल्या साऱ्या त्यागमूर्ती गच्चीवर जमत आणि आपापल्या सासूची नक्कल करत. इतकी प्रसन्न हुतात्मा मंडळी मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

मला नांदेडला वैद्यकीय प्रवेश मिळाला. आईने पेढे वाटले आणि शेवटचा पेढा हातात धरून ती म्हणाली, "अजून एक वर्ष रिपीट केलंस तर ह्याहून मोठं कॉलेज मिळंल की."

"आई, सीट मिळाल्यावर कुणी रिपीट करतं का?"

"मग खोली सोडावी लागंल," ती म्हणाली, आणि तिने पेढा तसाच डब्यात ठेवला.

वडील सामान न्यायला टेम्पो घेऊन आले, तोवर तिने तोडगा शोधला होता.

"धाकटीला इथंच क्लासच्या फाउंडेशनला घालू. डॉक्टरकीची तयारी सहावीपासून असतंय."

"तिला अजून अपूर्णांक येत न्हाईत," वडील म्हणाले.

"म्हणूनच की. तिला डॉक्टर करायचं न्हाई का तुम्हाला?"

डॉक्टर या शब्दापुढे आमच्या भागातला कोणताही बाप बोलत नाही. टेम्पो रिकामा परतला. आठवड्याने धाकटी आली. तिला कुणी काही विचारले नव्हते. आत्याच्या मते वहिनींचा त्याग आता दुप्पट झाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन खोलीवर गेले. आईचा रक्तदाब पाठ्यपुस्तकात छापावा इतका आदर्श. ती गुणगुणत गच्चीवर निघून गेली. धाकटीने गणिताच्या सरावपत्रिकेवरून मान न उचलता डावा हात पुढे केला.

"ताई, माझं पण बग. उद्या टेस्ट हाय."

मी तिचे मनगट धरले. नाडी: बसल्या जागी मिनिटाला ११८.