ताईच्या टॉवरचा ताण

सकाळी दाजींचा फोन आला तेव्हा मी संत तुकाराम नगरच्या घरी दूध तापवत उभा होतो. "काल टॉवरचा शेवटचा तुकडा खाली आला," एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आणि आत्ता हिला चहा घेऊन गेलो तर... उठेचना रे." माझी थोरली बहीण सुमनताई अशी गेली. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होऊनही आता महिना होत आला. टॉवर उतरवल्याचाच धक्का बसला का, असं लोक अजून विचारतात. तसं नव्हतं. पण टॉवरची गोष्ट सांगितल्याशिवाय ताई कशी होती ते सांगता येत नाही.

आमचे वडील पिंपरीत कारखान्यात भट्टीवर होते. ताई शिकून टेलिफोन खात्यात लागली आणि तिथल्या एका साहेबांमुळे तिला हॅम रेडिओचा नाद लागला. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि घरच्या यंत्रावरून, हवेतून, दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा तो छंद. कॉलनीत गच्चीवरच्या अँटेनावरून रोज कुरबुर व्हायची. म्हणून निवृत्तीनंतर दाजींनी आणि तिने चाकणजवळ कुरुळीला जागा घेऊन छोटं घर बांधलं, आणि घराआधी अँटेनाचा टॉवर. पाच मजली इमारतीएवढा उंच, तीन पायांचा, वर निमुळता होत गेलेला, आणि आधाराला एकही तार नसलेला. पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतलं जात होतं त्या दिवशी ताई जेवायलासुद्धा हलली नाही. "याचा सगळा जीव खाली आहे," म्हणायची.

कुंपणापलीकडे नामदेवअण्णांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. अण्णा मूळचे गावातले. शेती गेली, तिथे कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने वळणावरच्या शेडचे पत्रे उडवून थेट रस्त्यापार नेले, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा अंगणात आले.

"ताई, इजंच्या खांबाला बी ताण असतो. तुमच्या ह्या धुडाला कायच न्हाई. तारा बांधा."

"अण्णा, हा तारेशिवाय उभा राहायलाच बनवलाय. तारा ओढून बांधल्या की त्या बाजूने धरतात, पण खाली दाबतातही. तो दाब याच्या पायांना सोसणार नाही."

"आसंल. पर वारं सुटलं की माझ्या खोल्यांतल्या बाया पोरं घिऊन भाईर बसत्यात. ठावं हाय का तुमाला?"

ताईला ते ठाऊक नव्हतं. तिने टॉवर बनवणाऱ्यांना पुन्हा विचारलं, त्यांनीही तारा नकोच सांगितलं. हिशेब तिच्या बाजूने होता. पण त्यानंतर वारा सुटला की ती खिडकीशी जाऊन उभी राही आणि कुंपणापलीकडे बघत राही. मी विचारलं, तर म्हणाली, "बसल्यात बाहेर." तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना दाजी कुरुळीच्या घरी रात्रीपुरते एकटे जात. वाऱ्याचा जरा आवाज झाला की त्यांचा जीव उडे. शेवटी त्यांनी आणि अण्णांनी मिळून एक वेल्डर आणला आणि टॉवरला तीन बाजूंनी तारा ओढून घेतल्या. दोन तारांचे खुंट ताईच्या आवारात आले, तिसऱ्या तारेचा खोल्यांच्या उलट बाजूला, अण्णांच्या उरल्यासुरल्या वावरात, काळ्या मातीत.

ताई घरी आली, गाडीतून उतरली आणि उतरल्या जागी थांबली. "एवढ्या कुणी ताणल्या?" दाजी म्हणाले, "तुझ्या जिवाला घोर नको म्हणून..." तिने जवळच्या तारेवर नुसता हात ठेवला आणि आत गेली. इतकी वर्षं मुका असलेला तो टॉवर त्यानंतर आवाज करू लागला. वारा वाढला की तारा घुमायच्या, आणि ती घूं घूं स्वयंपाकघराच्या भिंतीतून यायची. रविवारी मी जायचो तेव्हा बोलता बोलता आम्ही सगळेच थांबायचो. ताई दुर्बीण घेऊन अंगणात बसे. एका पायाच्या सांध्यापाशी रंगाला बारीक तडा गेलेला तिने मला दाखवला. "आतलं लोखंड वाकायला लागलंय. तारा सोडवायच्या तर तिन्ही बरोबर, हळूहळू. एक आधी सुटली तर बाकीच्या दोन याला आपल्याकडे ओढतील." असलं काम करणारी माणसं ती शोधत होती. जो तो पुढच्या आठवड्याचं सांगत होता.

उन्हाळा लागल्यावर एका रविवारी मी तिथेच होतो. दुपारी जेवणं उरकली आणि चाकणच्या बाजूचं आभाळ पिवळं पडलं. आधी धूळ आली, मग वारा. भिंतीतली घूं घूं चढत गेली, इतकी की ताटलीवरचं फुलपात्र थरथरू लागलं... आणि एकदम थांबली. ताई उठली. "वावरातला खुंट निघाला," म्हणाली आणि अनवाणी बाहेर धावली. सुटलेली तार वाऱ्याने उडून पत्र्यांवर सपासप आपटत होती. टॉवर खोल्यांच्या अंगाला कलला होता आणि त्याचा एक पाय कोपरासारखा वाकला होता.

बाया आधीच बाहेर होत्या. पण रात्रपाळी करून आलेली पोरं आतून कडी लावून गाढ झोपलेली. छातीवरचे टाके नुकते भरलेली माझी बहीण एकेक दार धडाधडा वाजवत निघाली. अण्णा समोरून पळत आले, "तुमीच म्हणत व्हता, न्हाई पडायचा!"

"अण्णा, आधी ती टोकाची खोली उघडा. मला शिव्या नंतर द्या."

शेवटचा मुलगा डोळे चोळत बाहेर आला. वारा ओसरला. टॉवर पडला नाही. तो तसाच, रिकाम्या खोल्यांवर वाकून उभा राहिला, आणि क्रेन येईपर्यंत त्या रांगेत कुणी झोपायला गेलं नाही. पडला असता तर बरं, असं मला वाटे, इतकं ते उभं राहणं भयंकर होतं.

तो उतरवत होते तेव्हा ताई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मी म्हटलं, "तुझंच बरोबर होतं. तारांनीच घात केला." ती वर बघतच म्हणाली, "तारा का आल्या पण? माझ्या हिशेबात वारा होता, लोखंड होतं. बाहेर येऊन बसणाऱ्या बाया नव्हत्या. त्यांना भीती वाटते म्हटल्यावर मी टॉवर निम्मा उतरवायला हवा होता. मी त्यांना गणित समजावत बसले." दाजी म्हणाले, परत उभारू, यावेळी तारांशिवाय. तिने मान हलवली. "नको. माझं अँटेनाच्या एका साध्या तारेवरही भागेल."

ती तार तिच्या रेडिओवाल्या मित्रांनी बांधली, ती गेल्यानंतर. गच्चीपासून शेवग्यापर्यंत, माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली. तिच्या खोलीतला सेट दाजी रोज सकाळी लावतात. त्यांच्याकडे परवाना नाही, त्यामुळे बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. ठिकठिकाणची माणसं त्या वेळी रेडिओवर एकत्र येतात आणि एकजण सगळ्यांची हजेरी घेतो. मागच्या रविवारी मी दाजींशेजारी बसलो होतो. नागपूर झालं, सांगली झाली, मग त्या माणसाने ताईचं नाव घेतलं. सवयीने घेतलं असावं, कारण पुढे तोही गप्प झाला. कुणीच मध्ये बोललं नाही. नुसती खरखर येत राहिली...

दाजींनी हात पुढे केला आणि आवाज थोडा मोठा केला.