अप्पांचा तेलाचा हात

अप्पांच्या खिशात रुमाल नसे, तेलाचं फडकं असे. बिजागरी, शिलाई मशीन, शेजाऱ्याचं फाटक, काहीही कुरकुरलं की माझे हे थोरले चुलते हजर. गंज दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. "लोखंडाला बी मायेचा हात लागतोय," म्हणायचे.

खरी माया मात्र जुन्या अँबॅसिडरवर. दर रविवारी ती धुवायची, पुसायची आणि काकूंना शेजारी बसवून हुपरीला त्यांच्या माहेरी न्यायचं. घरात अप्पा बोलायचे आणि काकू ऐकायच्या. गाडीत बरोबर उलट.

जुन्या ड्रम ब्रेकची धास्ती मला वाटायची. मीच हट्टानं पुढच्या चाकांना बाहेरून आणलेले डिस्क ब्रेक बसवून दिले. थोड्याच दिवसांत ते किंचाळायला लागले आणि गाडी थांबेना. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ब्रेकमधली हवा काढली, पॅड बदलले. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. "पॅडला तेल लागतंय. कुठनं येतंय कळंना," मिस्त्री म्हणाले. अप्पांनी त्यांना भर गॅरेजात चोर ठरवलं.

मग एका रविवारी गडमुडशिंगीजवळ म्हैस आडवी आली. ब्रेक लागेना म्हणून अप्पांनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी लिंबाच्या झाडाला धडकली. काकूंचा हात मोडला. "त्या मिस्त्रीनं माझ्या बायकोचा हात मोडला," असं अप्पा गल्लीभर सांगत सुटले.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर ते ती धूत होते. चाकं वळवून, मागून हात घालून ब्रेकच्या उघड्या तबकड्या तेलाच्या फडक्यानं पुसताना मी त्यांना पाहिलं. "पाणी लागलं की लगीच तांबरतात की रं," म्हणाले. ड्रममध्ये सगळं झाकलेलं असायचं. इथला गंज पहिल्या ब्रेकलाच निघून जातो, इथं तेल चालत नाही, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मिस्त्रींची बदनामी होती. चारचौघांत, तावातावानं मी सगळं बोलून टाकलं. तो माझा आवाज आठवला की अजून लाज वाटते.

"म्हंजे तिचा हात म्याच मोडला," अप्पा म्हणाले. तसेच चालत उद्यमनगरात गेले आणि मिस्त्रींच्या पायाशी वाकले. मिस्त्रींनी त्यांना वरच्यावर धरलं, चहा पाजला, नवे पॅड घालून दिले. गाडी आता मुकाट्यानं, जागच्या जागी थांबू लागली. पण चालवायचो मी. काकू पुढं, अप्पा मागं. "चालवा की वो," काकू म्हणायच्या. अप्पा खिडकीबाहेर बघत राहायचे. पुन्हा कधीच त्यांनी स्टिअरिंग धरलं नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. पाहुणे पांगल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं.

"ह्यास्नी चाकामागं तेल लावताना मी आदीच बघितलतं," त्या म्हणाल्या. "हात मोडल्यावर ध्यानात आलं, त्यानंच ब्रेक लागंना. मिस्त्रीला घरी बोलवून सांगितलं, चाकामागनं पत्र्याचं झाकण मारा, ह्यास्नी कळू देऊ नका. अप्पांचं बोल मी सोसतो म्हणाला बिचारा. झाकण करायला टाकलं बी हुतं."

काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तेवढं झाकण हुईस्तोवर तुला दम निघाला न्हाय, बाळा."