पिशवीरावांचा नेम

त्याला सगळी कंपनी पिशवीराव म्हणायची. नाव मीच ठेवलं होतं आणि चांगलं ठेवलं होतं. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी आम्हा दोघांना गावोगाव धाडत. हे काम एकट्याचं नाही. एकाने वर मशीनपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने खाली खड्ड्यात उतरायचं, आणि मधे नुसता आरडाओरडा. दिवसभर एकमेकांच्या आवाजावर जीव सोपवायचा. पण संध्याकाळी हात धुतले की मी हॉटेल शोधायचो आणि हा किराणा दुकान. त्याच्या पायी मलाही एकट्यालाच जेवावं लागे, त्याचा राग वेगळा.

दुकानातली त्याची तऱ्हा बघण्यासारखी. काकडीची टोकं दाबून बघणार, दह्याच्या डब्यावरची तारीख डोळ्यांपाशी नेऊन वाचणार, ब्रेड मागच्या रांगेतून ओढून काढणार. बघणाऱ्याला वाटावं, घरी पंगत बसायची आहे. मग पिशवी घेऊन लॉजच्या खोलीत यायचं, पलंगावर वर्तमानपत्र पसरायचं, खिशातल्या चाकूने काकडी चिरायची, मीठ लावून ब्रेडमध्ये भरायची. त्या चाकूला ग्रीसचा वास. त्यात केळं मिळालं की मेजवानी.

कंजूष म्हणावं तर तेही नाही. गड्याचा नेम होता. लग्न झालं तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं होतं, हॉटेलात जायचं ते दोघांनी मिळून, एकाने दुसऱ्याला सोडून नाही. पुढे मुलगी झाली, मुलगा झाला, नेम चौघांचा झाला.

"अरे चल, इथं कोण बघतंय तुला?" मी म्हणायचो.

"ती तिकडं थांबते ना माझ्यासाठी. मी इथं पाय ताणून सूप पीत बसू?"

"थांबते हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं?"

घरी गेला की चौघांनी बाहेर जायचं, एवढी एकच हौस त्याला होती. तीही पुरी होत नसे. बायको म्हणायची, "तुम्ही दमून आलात, घरीच करते काहीतरी." याला वाटायचं, किती काळजी करते. टूरवर निघेपर्यंत तो घरीच जेवायचा आणि पुन्हा पिशवी घेऊन माझ्याबरोबर गाडीत बसायचा.

मुलीला नोकरी लागली तेव्हा मात्र त्याने हट्ट धरला. मलाही बोलावलं. "हसतोस ना मला? ये आणि बघ," म्हणाला. घराजवळच्या कोपऱ्यावर काचेची दारं असलेलं एक हॉटेल होतं. येता-जाता ते बघून त्याने मनात धरून ठेवलं होतं. बायको म्हणाली, "तिथं नको, गर्दी असते." पण आयुष्यात एकदाच ऐकायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि नेमकं त्याच दिवशी.

इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी पुढे. काचेचं दार त्यानेच उघडून धरलं. आत पाऊल टाकतो तोच वेटर हसत आला आणि याला ओलांडून थेट बायकोपाशी गेला.

"या वहिनी! आज शुक्रवार नसताना?" त्याने खिडकीपाशी नेलं. टेबलाला तीन खुर्च्या. आमच्याकडे बघून तो म्हणाला, "आज दोन पाहुणे वाटतं. थांबा, खुर्च्या आणतो."

मुलगा फिसकन हसला. मुलीने मोबाइलमध्ये डोकं घातलं. वहिनी आता सांगतील, अहो, हे मुलांचे बाबा, म्हणून मी वाट बघत राहिलो.

"हो, दोन," त्या म्हणाल्या.

त्याची खुर्ची येण्याजाण्याच्या वाटेत आली. जो तो म्हणे, "काका, जरा सरका." तो सरकत राहिला. वेटरने विचारलं, "नेहमीचंच ना?" तेव्हा याने घाईघाईने मेनूकार्ड उघडलं. "मुलीला टोमॅटो सूप आणा. तिला फार आवडतं."

"बाबा, टोमॅटो मी कधीच सोडलं."

"ताईंना मशरूम," वेटर समजुतीने म्हणाला.

वेटर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "कधीपासून येता?"

"अहो, तुम्ही तिकडं रोज हॉटेलातच जेवता," बायको म्हणाली. "आम्ही आठवड्यातून एकदा आलो तर काय बिघडलं?"

"मी जेवत नाही. तुला माहीत आहे."

"टूरवरचा कोण माणूस हॉटेलात जेवत नाही? तुम्ही सांगायचं आणि मी खरं मानायचं? भाऊजी, तुम्हीच सांगा."

त्याने माझ्याकडे बघितलं. खड्ड्यात उभा राहून वरच्या आवाजाची वाट बघावी तसा.

"काकडी खातो, वहिनी," मी म्हटलं. "ब्रेडमध्ये घालून."

तिघंही खो-खो हसली. "इतकी वर्षं?" डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. "वेडेच आहात की हो तुम्ही!" त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथं तर आंधळा दळतोय हे घरात कुणाला पटतही नव्हतं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. सूप मात्र छान होतं. त्याने अर्धं ठेवलं.

निघताना वेटरने विचारलं, "वहिनी, शुक्रवारचं टेबल ठेवू ना?"

त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "अहो, शुक्रवारी तुम्ही आहात का?"

त्या आठवड्यात आम्हाला कुठंच जायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, त्यालाही. मुलीने मोबाइलवरून मान वर केली. मुलगा बडीशेप चघळायचा थांबला. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांना कुठलं उत्तर हवंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "टूर आहे."

"मग तिघांचंच ठेवा," वहिनी वेटरला म्हणाल्या. मुलीने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात दुसऱ्या जोडीतल्या एकाची टूर मागून घेतली. आपल्या अंगावरचं काम कुणी मागून घेतलं तर कोण नाही म्हणणार? त्या माणसाने आनंदाने दिली. मी घरीच होतो. शुक्रवारी बायकोला म्हटलं, चल, एका ठिकाणी सूप चांगलं मिळतं.

खिडकीपाशी तिघं जेवत होती. वहिनींनी लांबून हात हलवला. मीही हलवला.