बंद दारांचं गाव

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आमची तुकडी इटलीतल्या एका डोंगरी गावात पोचली, तेव्हा धुराडी धुमसत होती, पण बाहेर माणूस दिसत नव्हतं. सगळी दारं आतून बंद. येळ्ळूरचं शेत सोडून बेळगावात भरती झालेल्या मला अशा दारांची एव्हाना सवय झाली होती. आमचे हवालदार खानापूरजवळच्या गुंजीकडचे, वयानं थोरले. कुणाच्या दाराला हात लावायचा नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. आम्ही एका रिकाम्या गोठ्यात पथाऱ्या टाकल्या.

सकाळी एका घरातून म्हातारा बाहेर आला. टोपी हातात धरलेली. तरुणपणी तो अमेरिकेतल्या खाणीत राबला होता, त्यामुळं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. हवालदारांचं इंग्रजीही तसलंच, म्हणून दोघांचं जमलं. त्याची सून बाळंतपणात अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टर खाली दरीतल्या गावात, अन् मधला पूल जर्मनांनी माघार घेताना उडवलेला. गावात तरणा गडी एकही उरला नव्हता.

हवालदारांनी साहेबाची परवानगी आणली आणि आम्हांला म्हणाले, "बाई अडलीय. आपल्याकडं काय करतो? झोळी बांधा."

खानापूरच्या जंगलपट्टीत आजारी माणसाला असंच तर नेतात. आम्ही एक सरळ वासा तोडला, त्याला कांबळी बांधली. सून वेदनेनं अर्धमेली झाली होती. आमचे काळे चेहरे बघून तिची सासू दारातच थिजली. हवालदारांनी स्वतःचा कोट काढून सुनेच्या अंगावर घातला, तेव्हा कुठं ती म्हातारी आमच्या मागून चालू लागली.

नदीचं पाणी छातीला लागत होतं, आणि गार असं की श्वास अडकावा. आम्ही वासा डोक्याच्या वर धरला. म्हातारा-म्हातारीला दोघा गड्यांनी खांद्यावर घेतलं. मध्यावर माझा पाय घसरला. मागचा निपाणीकडचा गडी म्हणाला, "सावकाश रं. मी हाय." झोळीतून एक हात आला आणि त्यानं माझ्या मनगटाजवळची बाही घट्ट धरली. पलीकडचा काठ येईपर्यंत ती सुटली नाही.

दुपारी डॉक्टरांच्या घरी मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासू बाहेर आली आणि आम्हा सगळ्यांचे गारठलेले हात एकेक करून आपल्या तळव्यांत चोळत राहिली. म्हातारा मान खाली घालून बोलला, की हिंदी शिपाई माणसं खातात असं त्यांना सांगितलं होतं. हवालदार हसले. आज सोमवार, आमच्यातले निम्मे आज मटणालाही शिवत नाहीत, असं त्यांनी त्याला समजावलं. मग तोही हसला. जरा वेळानं त्यानं विचारलं, तुमच्या देशावर राज्य कुणाचं?

"राज्य इंग्रजांचं," हवालदार म्हणाले. "देश आमचा."

ते हे इंग्रजीत बोलले आणि मग आमच्याकडं बघून मराठीतही बोलले.

काही दिवसांनी डोंगर ओलांडून आम्ही पुढच्या गावात शिरलो. तिथं आम्हांला कुणी ओळखत नव्हतं, तरी दारं उघडी होती. बायका चेस्टनट नावाच्या रानफळाच्या पिठाच्या भाकऱ्या घेऊन रस्त्यावर आल्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, "इंडियानी, इंडियानी." म्हणजे हिंदुस्थानातले. आमच्या आधी आमची बातमी डोंगर चढून आली होती. घरी मी येळ्ळूरचा होतो, पलटणीत बेळगावचा. एवढ्या मोठ्या देशाच्या नावानं मला कुणी हाक मारायची ती पहिलीच वेळ.

पुढं चालणारे हवालदार मागं वळून हळूच म्हणाले, "बटणं लावा रं. लोक आपल्यात आपला देश बघायलेत."